दात येणाऱ्या पिल्लाला चावायला काय देता? अनुभव लिहा

शेवंती

पिल्लू घरी आणायचं ठरलं की लस, जंत, शी-शू आणि खाणं यावर सल्ला द्यायला अख्खी सोसायटी पुढे येते. दातांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मग चौथा महिना लागतो आणि जमिनीपासून दीड फुटापर्यंतचं सगळं घर कुरतडलेलं दिसायला लागतं.

आमचा बटाटा (लॅब्रेडॉर, पिवळा, नुकताच चार महिन्यांचा झालाय) सध्या तिथे पोचलाय. पुढचे बारके दात पडायला लागलेत. एक गादीवर सापडला, बाकीचे बहुधा पोटात गेले. हिरड्या लाल, खेळण्यांवर गुलाबी डाग, आणि माझे हात बघून ऑफिसात विचारतात, मांजर पाळलीस का?

दुकानात गेले तर भिंतभर माल लटकलेला. दोन्हीकडे गाठी मारलेल्या चामड्याच्या कांड्या, प्लॅस्टिकची हाडं, दोऱ्यांच्या वेण्या, खूर, शिंगं. दुकानदाराच्या मते सगळंच 'पिल्लांसाठी एकदम सेफ'.

म्हणून हा धागा. व्हॉट्सॲपवरच्या याद्या नकोत, माझ्याकडे पुरेशा आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. तुमच्या घरी प्रत्यक्ष काय दिलं, पिल्लानं त्याचं काय केलं, काय टिकलं आणि काय तोंडातून काढून घ्यावं लागलं, ते लिहा. विकतचं, घरचं, गावचं, परदेशातलं, सगळं चालेल.

माझ्याकडून सुरुवात. जुन्या पंच्याचा तुकडा भिजवायचा, पिळायचा, पीळ देऊन गाठ मारायची आणि फ्रीजरमध्ये टाकायचा. आम्ही पाण्याऐवजी चिकन उकडलेलं बिनमिठाचं पाणी वापरतो, त्यामुळे भाव जास्त मिळतो. गार आहे तोवर बटाटा हिरड्यांनी दाबत बसतो. वितळला की धागे उपसायला लागतो, तेव्हा लगेच काढून घ्यायचा. दुसरं म्हणजे फ्रीजमधलं अख्खं जाड गाजर. अर्धं पोटात, अर्धं गालिच्यावर. दुसऱ्या दिवशी शी नारिंगी दिसते, घाबरू नका.

आणि चावणं थांबतं कधी, हे कुणी खरं सांगेल का?

वाटली_डाळ

आमच्याकडे दुकानातली आठशे रुपयांची खेळणी एका बाजूला आणि आजेसासूबाईंचा सागवानी पाट एका बाजूला. पाट जिंकला. चारही पाय आता वेगवेगळ्या उंचीचे आहेत, पूजेला बसलं की गुरुजी डावीकडे कलतात.

धागा वाचतेय. पाट वाचवायचा उपाय असेल तर आधी सांगा.

गोठ्याचा_डॉक्टर

शेवंतीताई, मी सरकारी पशुवैद्यक होतो. गाई-म्हशींत आयुष्य गेलं, पण तालुक्याच्या दवाखान्यात कुत्रीही भरपूर यायची. दोन-चार गोष्टी आधी मांडतो, म्हणजे पुढे वाद कमी होतील.

पिल्लाला दुधाचे दात २८ असतात. तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि साधारण दोन महिन्यांत सगळे येतात. साडेतीन-चार महिन्यांना पुढचे पडायला लागतात, पाचव्या-सहाव्या महिन्यात सुळे बदलतात, मग दाढा. सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात तोंडात हवेत. पडलेला दात गिळला तर काही होत नाही. थोडं रक्त, लाळ, तोंडाला वास, एखाद्या दिवशी जेवणाकडे पाठ, हे चालायचंच. मात्र दोन जेवणं सलग सोडली किंवा पिल्लू मलूल पडलं तर 'दात येताहेत' म्हणून घरी थांबू नका. या वयात पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा रोगही होतो, आणि तो वाट बघत नाही.

आता चावायच्या वस्तू. मी लोकांना एकच परीक्षा सांगायचो. वस्तूवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. खळगा पडला किंवा वस्तू दबली तर पिल्लाला द्या. नखच दुखलं तर परत ठेवा. ज्यांचा नखावर विश्वास नाही त्यांनी ती वस्तू स्वतःच्या गुडघ्यावर आपटून बघावी. शिंग, खूर, नायलॉनचं कडक हाड, दगड, सगळं या परीक्षेत नापास होतं. दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं आणि आतली जागा मोठी, म्हणून तो पटकन तुटतो आणि आतली नस उघडी पडते. पडायचाच दात आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, खाली कायमच्या दाताची कळी असते. मोठ्या कुत्र्यांत वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ अशीच उभी चिरते.

दुसरी गोष्ट मापाची. वस्तू पिल्लाच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये. आज बसत नाही ती महिन्याभरात बसायला लागते, लॅब्रेडॉरच्या बाबतीत तर फारच. मुलांचा टप्प्याचा छोटा रबरी चेंडू घशात अडकला की हाताशी फार थोडी मिनिटं असतात.

चामड्याच्या कांड्यांबद्दल विचारलंय. मी घरच्या कुत्र्याला दिल्या नाहीत. चघळून मऊ झालेला तुकडा पिल्लू सबंध गिळतं, तो पोटात फुगतो आणि सहजी पचत नाही. लहान जातीच्या पिल्लाला तर तेवढ्यानं आतडं बंद होऊ शकतं.

मांगरातला_बाळू

डॉक्टर काकांनी शहरातलं सांगितलं, मी आमच्या सिंधुदुर्गातलं सांगतो. इकडे कुत्रो बांधलेला नसतो आणि खेळणी विकत घेऊक गेलो तर घरचे मलाच बांधतील. पिल्लाला अंगणात जे मिळतं ते चावतं. आमच्या अंगणात तीन गोष्टी मिळतात: आंब्याचे बाठे, नारळाची सोडणं आणि कोंबडीची हाडं. तिन्ही वाईट.

बाठ्याचं आधी. मे महिन्यात चाकरमानी येतात, ओटीवर बसून हापूस खातात आणि बाठा अंगणात भिरकावतात. पिल्लाला गोड लागतो, वर चोखायला केस असतात, ते त्याच्यावर तुटून पडतं. चोखून चोखून बाठा गुळगुळीत होतो आणि एका क्षणी आत सरकतो. आमच्या पाड्या नावाच्या गावठी पिल्लाचं असंच झालं. दोन दिवस उलट्या, पाणीसुद्धा ठरेना, शी बंद. कुडाळात नेलं, पोट उघडून बाठा काढला. वाचला. आता मोठा झालाय, अजून आंब्याच्या दिवसात पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. ओटीवर आता बादली ठेवलेली असते आणि बाठा बादलीतच जातो. पाहुण्यांना राग आला तर येऊ दे.

नारळाचं सोडण पिल्लांना फार आवडतं हे खरं. फाडायला मजा येते. पण काथ्या दातांत अडकतो आणि गिळला की आत गुंता होतो. त्यापेक्षा शहाळ्यातली मऊ मलई थोडी थोडी देतो. करवंटी तर अजिबात नाही, फुटली की सुरी होते.

एक चांगलं पण सांगतो. तांदळाची घावणं करताना पहिलं घावण नेहमी बिघडतं. ते तव्यावरच वाळवून कडक करायचं. पाड्या ते दोन पायांत धरून चावत बसायचा. पोटात गेलं तरी तांदूळच.

कोपऱ्यातली_खोली

डोंबिवली, दोन खोल्या, आणि जिन्याखाली सापडलेलं पिल्लू. आता ते 'चिमणी' आहे, आणि इमारतीतल्या सगळ्यांचं मत आहे की ती कुत्री नसून उंदीर आहे.

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. रस्त्यावरचं पिल्लू घरात आणलं की ते दात येण्याच्या वयाचंच असतं आणि त्याची लस झालेली नसते. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांना देतात. तोवर खेळता खेळता त्याचा दात लागतोच. 'एवढंसं पिल्लू आहे, खेळतंय' म्हणून सोडून देऊ नका. ओरखडा उठला तर, रक्त आलं नसलं तरी, साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जाऊन सुया घ्यायच्या. हळद नाही, तंबाखू नाही, चुना नाही. आमच्या घरात तिघांनी सगळ्या सुया घेतल्या. सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, उगीच घाबरता. काकूंना म्हटलं, हा रोग झाला की मग घाबरून उपयोग नसतो.

आता चावण्याबद्दल. आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट म्हणजे पुठ्ठ्याचा खोका. पिना, सेलोटेप आणि प्लॅस्टिक काढून टाकायचं, आत दोन-चार दाणे तिच्या खाण्यातले टाकायचे आणि बंद करून द्यायचा. ती फाडते, थुंकते, परत फाडते. गिळणारं पिल्लू असेल तर हे जमणार नाही, चिमणी थुंकणारी आहे.

जुनी चप्पल द्या असं जे सांगतात त्यांना माझा नमस्कार. कुत्र्याला जुनी चप्पल आणि पाहुण्यांची कोल्हापुरी यातला फरक कळत नाही. वास तोच, चामडं तेच. जुना मोजाही नको. मोजा तर पिल्लं गिळतात, आणि तो आत जाऊन बसला की बाठ्याचीच गत.

चार्जरच्या वायरी मात्र मी सगळ्या भिंतीवर वर चढवल्या. नवरा फोन चार्ज करताना आता उभा असतो.

लवंगलतिका

माझ्या आईनं आमच्या दातांना लवंगेचं तेल लावलं, मी आमच्या सिंबाला लावते. कापसावर एक थेंब. नैसर्गिक आहे, काही होत नाही. सगळं विकत कशाला आणायचं?

गोठ्याचा_डॉक्टर

लवंगताई, रागावू नका, पण बंद करा. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं. कोवळ्या हिरड्यांना ते भाजतं, आणि पिल्लू ते चाटून गिळतं, थुंकत नाही. मुलांच्या दातांना लावायची औषधाच्या दुकानातली बधिर करणारी जेलं तर त्याहून वाईट. त्यातल्या बेन्झोकेनमुळे कुत्र्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्याही नकोत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड जातं. पिल्लाला दात येताना औषध लागत नाही. गार लागतं.

वाटली_डाळ

पाटाच्या पायांना कारल्याचा रस लावला. त्यानं चाटून साफ केला आणि अजून आहे का म्हणून बघत बसला. कारलं खाणारा आमच्या घरातला हा पहिलाच. तिखट लावू का?

कोपऱ्यातली_खोली

तिखट नको हो ताई, डोळ्यांत आणि नाकात जातं. पाट उचलून माळ्यावर ठेवा. सहा महिने गुरुजींना चटईवर बसवा.

बागायतदार_तासगाव

आमच्याकडे कारवानी आहेत. आजोबांपासून. लांब तोंडाचं, अंगावर मांस नाही असं हे कुत्रं, पण दात येताना त्याच्यात कसला जोर येतो ते ज्यानं पाळलंय त्यालाच ठाऊक. ठिबकची नळी हा त्यांचा आवडता खाऊ. एकदा तिघा भावंडांनी मिळून एका रात्रीत बागेची अख्खी ओळ कोरडी केली होती.

घरातलं चावणं म्हणजे वाळलेली ज्वारीची भाकरी. शिळी भाकरी उन्हात ठेवली की कडाकणी होते. मीठ घालायचं नाही, तेल-तूप लावायचं नाही. पिल्लू ती पुढच्या पायांत धरून कोपऱ्यापासून कुरतडत आत जातं, तोंडातल्या लाळेनं ती मऊ होत जाते, त्यामुळे अडकायची भीती नाही. बुरशी आलेली भाकरी मात्र कुत्र्याला टाकू नये, ती उकिरड्यावरच जावी. वासरांना चालत नाही ते पिल्लालाही चालत नाही.

मक्याचा बुरकुंडा कुणी देऊ नका. कणीस भाजून खायचं आणि बुरकुंडा कुत्र्यापुढे टाकायचा ही आपल्याकडची जुनी खोड. पिल्लू त्याचे दोन तुकडे करतं आणि गिळतं, आणि तो पोटात विरघळत नाही. सांगलीत डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की बुरकुंडा, कापड, प्लॅस्टिक एक्स-रेत नीट दिसत नाहीत, तेव्हा काय खाल्लं असेल याचा अंदाज मालकानंच सांगायचा. घरातून काय गायब झालंय ते बघून जा.

उसाचं कांडंही नको. गोड म्हणून मिटक्या मारत चावतात, पण उसाच्या चोयट्या हिरडीत घुसतात, आणि चोथा गिळला तर पुढचं वर सगळ्यांनी लिहिलंच आहे.

आता आमच्या भागातली खास गोष्ट. तासगाव म्हणजे बेदाणा. शेडवर बेदाणा वाळत असतो आणि खाली गळत असतो. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे, मूत्रपिंड निकामी होतं. किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतं, एखाद्याचं थोडक्यात काम होतं. अलीकडे पशुवैद्यक म्हणतात की त्यातलं टार्टारिक आम्ल कारणीभूत असावं, आणि म्हणून चिंचही लांब ठेवावी. जुनी माणसं म्हणतात, आमची कुत्री बागेतच वाढली, काही झालं नाही. ज्यांना झालं ती कुत्री सांगायला उरली नाहीत. शेडला आम्ही आता गुडघाभर जाळी मारली आहे. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा वेचून काढतो, पोरं हसतात, हसू देत.

ऑरेंज_सिटी

नागपूरवरून. आमच्याकडे पिल्लू नेमकं एप्रिलमध्ये दात काढायला बसलं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत कूलर. कूलरच्या ताट्यांमधलं गवत ओढून ओढून खाल्लं त्यानं, कूलर एका बाजूनं टकला करून टाकला न भाऊ. आणि कूलरची वायर ओल्या फरशीवर. ते पाहिल्यावर कूलरच खिडकीच्या बाहेर स्टँडवर चढवला. विदर्भवाल्यांनो, पिल्लू आणायच्या आधी कूलर वर चढवा.

उन्हाळ्यातला आमचा उपाय म्हणजे ताक. पातळ, बिनमिठाचं, जिऱ्याशिवाय. बर्फाच्या ट्रेमध्ये लावायचं आणि अर्धवट गोठलं असताना काढून द्यायचं, बोटानं दाबलं तर मोडेल इतपत. दगडासारखा बर्फाचा मोठा खडा चावताना दात चिरू शकतो म्हणून पूर्ण गोठवत नाही. टरबुजाचा गर बिया काढून गार करून देतो, साल नाही. सफरचंदाच्या फोडीही चालतात, बिया आणि मधला भाग काढून.

टेनिसचा चेंडू पिल्लाजवळ चावायला सोडू नका. फेका, आणू द्या, मग उचलून ठेवा. त्यावरच्या लोकरीत माती बसते आणि ती सॅण्डपेपरसारखी दात घासत राहते. आमच्या जुन्या कुत्र्याचे सुळे म्हातारपणी सपाट झालेले, डॉक्टरनं तोंड उघडलं आणि पहिला प्रश्न चेंडूचाच विचारला.

हडसनकाठची_गवळण

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे प्रश्न उलटा आहे, दुकानात एवढं मिळतं की डोकं चालत नाही. तरी आमच्या गोल्डन रिट्रीव्हरचं पूर्ण दातपुराण एका रबरी कोनावर निघालं, तो म्हणजे काँग. पिल्लांसाठी मऊ रबराचा वेगळा येतो, तोच घ्यायचा. मोठ्यांचा लाल किंवा काळा आत्ता नको, तो नखाच्या परीक्षेत काठावर पास होतो.

त्याची गोष्ट मला फार आवडते. १९७० च्या दशकात कोलोरॅडोत जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून स्वतःचे दात घालवत होता. ते आपली फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत असताना काढलेले भाग कुत्र्यापुढे टाकत होते, आणि सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा फ्रिट्झला असा काही आवडला की दगड सुटले. त्यावरून ते खेळणं निघालं. आत पोकळ असल्यामुळे त्यात खाणं भरता येतं, ही मोठी सोय.

आम्ही काय भरतो? उकडलेला लाल भोपळा, दही, केळं, कधी उरलेला बिनमिठाचा भात आणि चिकन. भरून फ्रीजरमध्ये, संध्याकाळी माझ्या मीटिंगच्या वेळी बाहेर. पाऊण तास घर शांत. हे रोजच्या जेवणातून वजा करायचं, नाहीतर पिल्लू गोल होतं.

एक सावधगिरी. भारतात आता पीनट बटर सगळीकडे मिळतं आणि लोक तेच भरतात. डब्यावरचं बारीक वाचा. 'शुगर फ्री' डब्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असेल तर ते कुत्र्याला फार थोडंही जीवघेणं आहे, रक्तातली साखर झपाट्यानं उतरते आणि यकृतावर परिणाम होतो. बिनसाखरेच्या च्युइंगमातही हेच असतं, तेव्हा पर्स खुर्चीवर लटकवू नका.

आणि इथे पाकिटबंद हाडं मिळतात, भाजलेली, धुरी दिलेली, छान दिसतात. त्यांबद्दल इथल्या सरकारी अन्न-औषध खात्यानं, म्हणजे एफडीएनं, २०१७ मध्ये कुत्र्यांच्या मालकांना सावध केलं होतं, घशात अडकणं, आतड्याला भोक पडणं, कुत्री दगावणं, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. शिजवलेलं हाड पुड्यात असो की आपल्या ताटात, फुटलं की त्याच्या सुयाच होतात.

रस्सामंडळ_कोल्हापूर

हाडाचा विषय निघालाच आहे तर नळीचं सांगतो. इथे मटणाची नळी चोखून झाली की कुत्र्याला टाकणं म्हणजे पुण्य. आमच्या बहिणीच्या पिल्लानं नळीचं आडवं कापलेलं कडं चाटता चाटता ते खालच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे पक्कं अडकवून घेतलं. पिल्लू गोल गोल फिरतंय, पंजे मारतंय, कुणाला हात लावू देत नाही. शेवटी डॉक्टरांनी भूल देऊन हाड कापून काढलं. त्या दिवशी दवाखान्यात रविवार होता हे वेगळं सांगायला नको.

काटकीचंही तसंच. बागेतली काडी चावताना तुटते आणि वरच्या टाळूला, दोन दाढांच्या मधे आडवी बसते. बाहेरून काही दिसत नाही. पिल्लू सारखं तोंडावर पंजा मारत असेल आणि वास येत असेल तर तोंड उघडून वर बघा, बहुतेक सगळे फक्त जीभ बघतात.

बाभळीची दातवण, कडुलिंबाची काडी 'आयुर्वेदिक' म्हणून देणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आणि कुंपणाची कण्हेर, कुंडीतला सायकस, डिफेनबॅकिया यांतलं काही असेल तर पिल्लू तिथे सोडूच नका, ती झाडं विषारी आहेत.

पल्टणीची_वहिनी

मिस्टर फौजेत, सध्या आम्ही सिक्कीममध्ये. इथे छुरपी गल्लोगल्ली मिळते. याकच्या किंवा गाईच्या दुधाचं वाळवलेलं कडक चीज, इथली माणसं सुपारीसारखी गालात धरून तासन् तास चघळतात. आता तीच भारतभर आणि परदेशात कुत्र्यांसाठी चढ्या भावानं विकली जाते. मला दिवाळीत पुण्याहून फोन आले, तिकडून पाठव म्हणून.

पाठवते, पण मोठ्या कुत्र्यांसाठी. डॉक्टर म्हणाले ती नखाची परीक्षा आम्ही छुरपीवर केली आणि नख दुखलं. सहा-सात महिन्यांच्या आत देऊ नये असं माझं मत झालंय. मोठ्या कुत्र्यालाही शेवटचा बोटभर तुकडा राहिला की काढून घ्यायचा, कारण तोच गिळला जातो. तो फेकायचा नाही. पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की चुरमुऱ्यासारखा फुलतो, मग पिल्लालाही थंड करून द्यायला हरकत नाही.

तुकडा काढून घ्यायचा म्हणजे ओढाओढी आलीच, असं नाही. आमच्या युनिटच्या श्वानपथकातल्या हवालदारांनी शिकवलेलं सांगते. पिल्लाच्या मागे पळायचं नाही, जबडा फाकवायचा नाही. नाकासमोर त्याहून आवडती गोष्ट धरायची, तोंड आपोआप उघडतं. तोंडातलं आपण घ्यायचं, हातातलं त्याला द्यायचं, आणि शक्य असेल तेव्हा काढून घेतलेलंही परत द्यायचं. असं वाढलेलं पिल्लू पुढे वस्तूवर गुरगुरत नाही. उलट दरवेळी हिसकावलं तर ते पटकन गिळायला शिकतं, आणि मग वरचे सगळे अनुभव आपल्या घरी येतात.

अजून एक त्यांचंच: संध्याकाळी पिल्लू वेड्यासारखं चावत सुटलं तर दर वेळी दात दोषी नसतात. पिल्लाला दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. घरात पाहुणे, मुलं, टीव्ही असले की ती होत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात पिंजऱ्यात ठेवून द्या, पाच मिनिटांत घोरतं.

पॉमची_आजी

माझं वय एकाहत्तर, पॉमेरेनियनचं दहा महिने. टायपिंग नातीचं.

लहान जातीच्या लोकांनी एक बघा. आमच्या मोतीचे दुधाचे सुळे पडलेच नाहीत आणि त्यांच्या शेजारीच नवे आले. एकाच जागी दोन दोन सुळे. मला वाटलं शुभ असेल. सहाव्या महिन्यानंतरही असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं, कारण मधे अन्न अडकून किडतं आणि नवा दात वाकडा वाढतो. मोतीची नसबंदी करायची होती, त्याच भुलीत डॉक्टरांनी दुधाचे सुळे काढले.

पॉमला गाजर अख्खं झेपत नाही. मी लांब सळ्या कापते आणि एक टोक माझ्या हातात धरून बसते. चकत्या करू नका, नाण्यासारखी चकती घशात बसते. हातात धरून बसायला वेळ आहे माझ्याकडे, मालिका बघता बघता होतं.

दोरीची वेणी नातीनं आणली होती. दोरे सुटायला लागले त्या दिवशी टाकून दिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोरा गिळला आणि पाठीमागून लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. आतून आतडं चिरतं. तसंच दवाखान्यात न्यायचं.

शेवंती

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आज बटाट्याच्या टोपलीतून चामड्याची कांडी, टप्प्याचा चेंडू आणि दोन मोजे बाहेर गेले. भाकरी वाळत घातली आहे, खिडकीत, कावळ्यांपासून लपवून. वाटली_डाळ ताई, पाटाचं काय झालं?

माझा पहिला प्रश्न मात्र सगळ्यांनी शिताफीनं टाळलाय. थांबतं कधी?

वाटली_डाळ

पाट माळ्यावर. आता शिडी चावतो.

गोठ्याचा_डॉक्टर

टाळला नव्हता, तुम्ही खचाल म्हणून लिहिलं नाही. सातव्या महिन्यात सगळे दात आले की हिरड्यांची कळ थांबते, तुमचे हात वाचतात. पण चावणं थांबत नाही. नवे दात, वाढलेला जबडा, आणि भरपूर ताकद, यामुळे आठव्या महिन्यापासून वर्ष-दीड वर्षापर्यंत बहुतेक लॅब्रेडॉर आत्तापेक्षा जास्त मोडतोड करतात. तेव्हा पिल्लाचा काँग बदलून मोठ्यांचा घ्या, पंचा बंद करा कारण तो मिनिटात फाडेल, आणि सकाळचं फिरणं वाढवा. गाजर चालू राहू दे. आणि महिन्यातून एकदा टोपलीतली प्रत्येक वस्तू त्याच्या उघड्या तोंडाशेजारी धरून माप बघा.

शेवंती

दीड वर्ष. बरं. वाटली_डाळ ताई, तुमच्या माळ्यावर अजून जागा आहे का? आमच्या चार खुर्च्या आहेत.